कावेरीचा खेळ आणि दत्तरावांचा शब्द

परभणीत वसमत रस्त्याला लागून एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली रंगनाथचा फोटो स्टुडिओ आणि वर पत्र्याच्या खोलीत कावेरी. रंगनाथ लग्नाचे व्हिडिओ काढतो. ते कापायचे, जोडायचे, गाणी टाकून पाहण्यासारखे करायचे हे काम कावेरीचं. नवरदेव घोड्यावरून घसरला तर तेवढं गाळायचं आणि रुसलेले मामा शेवटी अक्षता टाकायला उभे राहिले ते मात्र ठेवायचं, हे तिला सांगावं लागत नाही. रंगनाथ माणूस वाईट नाही. कामाला नावं ठेवत नाही, पगार थकवत नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की जिन्याकडे मान वळवून म्हणतो, "कावेरी, जरा वरच थांब." ती थांबते.

कावेरी सत्तावीस वर्षांची. उंच, हडकुळी, केस खांद्याखाली आलेले. हसू आलं की आधी तिचा हात तोंडावर जातो, मग ती हसते. वालूरच्या पलीकडे सेलू तालुक्यात तिचं लहानसं गाव. वडील दत्तराव, पोरं त्यांना दादा म्हणत; आई पार्वतीबाई, धाकटा भाऊ हरिओम. घरची जमीन बरी, गोठ्यात बैलजोडी देखणी. जन्मल्यावर तिचं नाव परमेश्वर ठेवलं होतं. शाळेत बाकीची पोरं पाटीवर बैल काढताना शिंगांपासून सुरुवात करायची, ही कानापासून. कान जरा मागे वळलेला, हाक ऐकल्यावर वळतो तसा. त्यामुळे बाकीचं चित्र कसंही आलं तरी बैल जिवंत वाटायचा. मुलगा म्हणून आपल्याला हाक मारली की आपला कान तसा वळत नाही, हे तिला तेव्हाच कळत होतं. सांगायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं.

कॉम्प्युटर शिकायला ती परभणीला आली आणि इथेच हळूहळू कावेरी झाली. गेल्या वर्षी तिने जिल्ह्याच्या कार्यालयातून ओळखपत्रही मिळवलं. तृतीयपंथीयांना कायद्याने जे मिळतं ते. त्यावर नाव कावेरी दत्तराव. गावी मात्र ती दिवाळीला आणि पोळ्याला जायची ती पँट-शर्ट घालून, केस टोपीत कोंबून, परमेश्वर होऊन. यावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं. दत्तराव काही विचारत नसत. पार्वतीबाई ताट वाढताना तिच्या बोटांकडे, नखांवर राहिलेल्या रंगाच्या कडेकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "वाळलास लय. खा." न बोलता चाललेल्या या कराराच्या जोरावर तिला आई भेटत होती आणि तो मोडू नये एवढीच तिची इच्छा होती.

स्टुडिओचं काम आटोपल्यावर ती आपला खेळ बनवायची. मोबाईलवर खेळायचा छोटा गेम. कंपनी नाही, पैसा लावणारा नाही. चित्रं तिची, हिशेब तिचा, चुकाही तिच्याच. खेळातली एक लहान मुलगी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावभर फिरते आणि बैलांना जेवायचं आवतन देते. कोणाला मारायचं नाही, पळायचं नाही. प्रत्येक बैलाला त्याच्या घरच्या माणसाच्या आवाजात हाक द्यायची. आवाज बरोबर लागला तर बैल कान वळवतो आणि तिच्या मागे निघतो.

हे सगळं ती कॅमेरा लावून, लाइव्ह करायची. ती चित्र काढतेय, चुकतेय, पुसतेय, हे बघायला माणसं यायची. कोणी पुण्याहून, कोणी थेट गोव्याहून. शिव्या द्यायलाही यायची. "आवाज ऐका, बाई म्हणे," असं लिहून पळून जायची. त्यांना बाहेर काढायचं काम संघप्रियाचं. ती मागच्या गल्लीतली, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. पाय दुमडून कॉटवर बसायची आणि मोबाईलवर अंगठा चालवायची.

"आज एकाच्या फोटोत त्याची आई व्हती गं शेजारी," ती एकदा म्हणाली. "आधी आईला नमस्कार केला, मग त्याला बाहेर घातलं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैल धुऊन आणायचे, वर्षभर जू ओढलेले त्यांचे खांदे लोण्या-हळदीनं मळायचे आणि त्यांना सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दत्तरावांच्या घरात हे आवतन पार्वतीबाई द्यायच्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावानं वेगवेगळं द्यायच्या. घरात असलेल्याच्या नावानं आणि बाहेरगावी असलेल्याच्याही. मागच्या पोळ्याला कावेरीने मोबाईल गोठ्याच्या खुंटीला अडकवून ते सगळं रेकॉर्ड केलं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, शेणाच्या पाटीचा आवाज आणि मधोमध आईचं ते संथ, जरा नाकातलं बोलणं. त्यातली नावं कापून तिने ते खेळात घातलं. बंगळुरूच्या एका छोट्या गेम महोत्सवात तो खेळ निवडला गेला तेव्हा तिथल्या बाईंनी कळवलं, भाषा आम्हाला येत नाही, पण त्या आवाजावर आम्हीसुद्धा मान वळवली.

ही बातमी सांगायला ती लाइव्ह आली. माणसं रोजच्यापेक्षा जास्त होती. कोणीतरी विचारलं, आवाज कसा कापतेस, दाखव ना. आनंदाच्या भरात तिने कापलेल्याच्या जागी मूळ रेकॉर्डिंग लावलं.

"दत्तरावाचं आवतन घ्या. हरिओमचं आवतन घ्या," आई म्हणत होती. "मह्या परमेश्वराचं आवतन घ्या. लांब ऱ्हातो लेकरू, त्याचं आधी घ्या."

संघप्रियाने कॉटवरून उडी मारून माउस ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाहणाऱ्यांत सेलूकडचं कोणीतरी होतं. दुसऱ्या दिवशी एक तुकडा फिरायला लागला. वर कावेरीचा साडीतला फोटो, खाली आईचा आवाज आणि प्रत्येक नावानंतर टाकलेलं खदखदून हसणं. गावातल्या फोनांवर तो संध्याकाळपर्यंत पोचला.

संघप्रिया तिला ओढतच एका पोलीस चौकीत घेऊन गेली. तिथल्या हवालदाराने ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, शेजारच्याला दाखवलं, परत दिलं.

"तक्रार कोनाची? परमेश्वरची का कावेरीची?"

"नाव लिहिलंय की त्यावर," संघप्रिया म्हणाली.

"लिहिलंय. पन बदनामी तर त्या जुन्या नावाची झाली ना. आन हे काय, शिवी न्हाई, धमकी न्हाई. आईचाच आवाज हाय. ॲपवाल्यांना कळवा."

बाहेर आल्यावर संघप्रिया रस्त्याच्या कडेला रडत चप्पल आपटत राहिली. कावेरी म्हणाली, "चल, चहा घेऊ." तिला चहा नको होता. संघप्रियाचं रडणं बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यात दत्तराव आले. कधी न आलेले. जिन्यावर काठीचा आवाज आला म्हणून तिने दार उघडलं तर दारात धोतर, टोपी, खांद्यावर पिठाची पिशवी. कावेरीच्या अंगात सलवार-कमीज, केस मोकळे. टोपी खुंटीवर होती, पण आता ती घालण्यात अर्थ नव्हता.

दत्तरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहिलं. "लय आवाज करायलाय."

"बेअरिंग गेलंय, दादा."

"मंग बदल की." ते कॉटच्या अगदी कडेवर टेकले. "जवारीचं पीठ दिलंय आईनं. ठेचा हाय."

तिने भाकरी केली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. लेकराच्या हातचं ते पहिल्यांदाच जेवत होते. "आईवानी पातळ न्हाई," शेवटी म्हणाले. "पन भाजलीस चांगली."

मग ताटात बोट फिरवत बोलू लागले. "पाराव लोक बोलायलेत. म्हनत्यात, दत्तरावानं बैलाचं आवतन इकलं. पोळ्याला कमानीखालून पयली जोडी आपली जाती. आज्यापासून मान हाय. मागल्या जोडीवाला भुजंग म्हनतो, आता तो मान ह्यांना कामून?"

"इकलं न्हाई, दादा. खेळ हाय तो. शेरातल्या लेकरांना पोळा कळंल."

"मला काय कळतंय त्यातलं? तू काय घालतोस, कसा ऱ्हातोस, म्या ईचारलं का कधी?" पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. "पन तुपल्या आईचा आवाज त्या पोरांच्या फोनात नको. ती गोठ्यात जाईना गेलीय. म्हनती, बोलले की कोनी तरी हसतंय असं वाटतं. तेवढं काढ त्याच्यातून."

कावेरी हातावर पाणी घालायला उठली. आपल्याकडचं काढलं तरी लोकांच्या फोनात गेलेलं निघत नाही, हे त्यांना आता सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण ते इतक्या लांबून आले होते, तिच्या हातचं जेवले होते. महिनाभरात लोक विसरतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

"काढते, दादा."

"समदं?"

"माझ्याकडचं समदं."

दत्तरावांनी त्यातलं 'समदं' तेवढं ऐकलं आणि समाधानाने हात पुसले.

त्यांना गाडीत बसवून आल्यावर तिने खेळातून आईचा आवाज काढला. आवाज गेल्यावर बैल नुसते उभे राहिले. कोणाचाही कान वळेना. मग तिने खेळच महोत्सवातून मागे घेतला. चॅनेलवरचा व्हिडिओ पुसला. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं.

"एक तर ठेव," संघप्रिया म्हणाली. "तुला ऐकायला. कोनाला कळणाराय?"

"मी समदं म्हनले त्यांना."

पोळा चार-दोन दिवसांवर आला तेव्हा हरिओमचा फोन आला. तो गोठ्यामागून बोलत असावा, आवाज दबलेला.

"दादानं बेलभंडार उचलला."

"कशाला?"

"पाराव भुजंगकाका लय बोलला. दादा म्हनला, लेकरानं काढलंय, आता कुटंच न्हाई. भुजंगकाका म्हनला, घे शपथ. दादा महादेवाच्या देवळात गेला, विष्णुपंतकाकांनी ताट धरलं, त्यानं बेल आन भंडारा उचलून शपथ घेतली. आन पायरी उतरतोय तोवर भुजंगकाकानं खिशातून फोन काढला. म्हनला, मंग हे काय वाजायलंय, दत्तराव? आईचा आवाज, देवळाच्या दारात, समद्यांपुढं."

कावेरीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादानं सोताच सांगितलं, औंदा माझी जोडी कमानीखालून जायची न्हाई. दोन रोज झालं, जेवना. शिव्या तरी द्याव्यात, त्या बी न्हाई. नुस्तं म्हनतो, माझ्या लेकरानं मला देवापुढं खोटं पाडलं. तू काढलं व्हतं ना?"

"काढलं व्हतं. दादाला फोन दे."

"घेईना झालाय."

ज्या माणसाने आयुष्यात बाजारात वजनाचंसुद्धा खोटं सांगितलं नाही, तो देवाच्या दारात खोट्या शपथेचा ठरला होता. आणि सांगायची ती अर्धी गोष्ट तिनेच गिळली होती. खांदेमळणीच्या दिवशी सकाळी तिने खुंटीवरचा शर्ट काढला, घडी घातली आणि परत ठेवून दिला. अबोली रंगाची सुती साडी काढली. संघप्रियाने निऱ्या धरल्या, पिना लावल्या.

"मी येते सोबत."

"नको. तू भाषण करशील."

"करीनच."

"म्हनून नको."

गावाच्या पाटीवर ती एसटीतून उतरली तेव्हा दुपार कलत होती. ओढ्यावरून धुतलेले बैल घेऊन माणसं परतत होती. एकेक जण थांबत गेला. महादेवाच्या देवळापुढच्या पारावर भुजंग बसला होता आणि टोकाला, सगळ्यांपासून सुटे, दत्तराव. तिला बघून ते उठले नाहीत. फक्त काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ही कोन पाव्हनी?" भुजंग म्हणाला. दोघे-तिघे हसले.

"तुमी वळखता मला, काका," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, तो तिने तसाच फुटू दिला. "माझ्या वडलांनी खोटी शपथ घेतली न्हाई. तेवढं सांगायला आले."

"मंग माझ्या फोनात काय तुझ्या वडलांनी ठिवलं?"

"तुमी ठिवलं. गाजरगवत कसं पसरतं, तुमाला म्या सांगावं? माझ्या रानातलं म्या मुळासकट उपटलं. माझ्यापाशी आता आईचा आवाज ऐकायला सुदिक न्हाई. पन वाऱ्यानं जे आधीच दुसऱ्याच्या रानात गेलं, ते त्या रानात ऱ्हातं. हे मला म्हाईत व्हतं आन म्या दादाला सांगितलं न्हाई. चूक माझी. त्यांनी त्यांना जेवढं खरं म्हाईत व्हतं तेवढ्याचीच शपथ घेतली."

हसणं थांबलं. पुजारी विष्णुपंत पायरीवर येऊन उभे होते. म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तिला आत बोलावलं नाही. आत गेले, ताट घेऊन स्वतः बाहेर, पारापर्यंत आले.

"उचलशील?"

"हाव."

"कोनाच्या नावानं? शपथ नावानं घ्यावी लागती."

ओढ्याकडून नुकताच आलेला हरिओम गर्दीत घुसला. त्याचे हात ओले होते. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "परमेश्वर म्हन. हात जोडतो तुला. साडीचं काय, नाटकात नेसली व्हती म्हनून सांगू. परमेश्वर म्हन, मग आईला भेटता येईल."

हे खरं होतं. त्या एका नावावर सगळं सावरलं असतं. गावालाही तेच हवं होतं. चेहरे तिच्याकडे जवळजवळ आशेने पाहत होते. दत्तरावही पाहत होते. पण खोट्या नावाने घेतलेल्या शपथेनं बापाचा खरेपणा सिद्ध झाला नसता.

"कावेरी दत्तराव," ती म्हणाली आणि बेल-भंडारा उचलला.

विष्णुपंतांनी ताट एका हातावर घेतलं. मग त्यांनी ते नाव हळू आवाजात, मंत्र म्हणताना शब्द तपासावा तसं, एकदा म्हटलं आणि वळले. "दत्तराव, तुझी शपथ खरी हाय. उद्या जोडी घेऊन ये." भुजंगने फोन खिशात टाकला. पार रिकामा होत गेला.

दत्तराव तिला गाडी थांबते त्या पाटीपर्यंत सोडायला आले, चार पावलं पुढे चालत. बाभळीखाली उभे राहिल्यावर म्हणाले, "घरी नेता यायचं न्हाई."

"कळतंय, दादा."

"ह्यापुढं बी."

"आई?"

"तिला सांगतो म्या. काय सांगायचं ते बघतो." ते रस्त्याकडे पाहत होते. "आज जेवीन."

सेलूची गाडी आली. तिने पुढची जागा धरली. मागची पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. कंडक्टर आला, तिच्या साडीकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. येताना तिने वाद नको म्हणून मुकाट्यानं पूर्ण घेतलं होतं.

"काय देऊ? फुल का हाफ?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मागची पोरं खिदळली.

कावेरीने पूर्ण तिकिटाचे पैसे काढले. तेवढ्यात खिडकीच्या गजावर बाहेरून काठी टकटकली.

"हाफ द्या," दत्तराव म्हणाले. "बाई हाय ती."

कंडक्टरने तिकीट फाडलं. तिने खिडकीकडे मान वळवली तोवर दत्तराव पाठ फिरवून निघाले होते. त्यांना थोरला मुलगा राहिला नव्हता आणि ते त्यांनी गावाच्या पाटीवर उभं राहून, कोणी विचारलं नसताना, मोठ्यांदा सांगितलं होतं. उन्हात त्यांचं धोतर दूरवर दिसत राहिलं. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

गाडी सुटली. शेजारच्या बाईने आपलं बोचकं मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली आणि खिडकीबाहेर बघत बसली. वालूर आलं, गेलं. सेलू येईपर्यंत कोणी तिच्याशी बोललं नाही.